नाहीवाले वकील

आमच्या वकीलसाहेबांच्या तोंडून 'हो' असं उत्तर मी दोन वर्षांत एकदाही ऐकलं नाही. वाढवून सांगत नाहीये, मी मुद्दाम पाळत ठेवून होते. काकूंनी आतून विचारावं, "चहा टाकू का?" तर हे म्हणणार, "टाका." "जेवलात?" तर, "जेवलो." फोनवर समोरचा अर्धा तास बोलत असला तरी यांचं आपलं एकच, "ऐकतोय. पुढे." एकदा मी वैतागून विचारलं, "सर, हे ऑफिस तुमचंच आहे ना?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "दारावर पाटी आहे. वाचा."

काकू म्हणजे त्यांची बायको. कमी बोलायच्या, पण बोलल्या की नेमकं. त्यांना मी विचारलंच, की निदान लग्न ठरताना तरी 'हो' म्हणाले होते का. "माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे म्हणाले, पसंत आहे. वडील घरी येऊन म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण जरा शिष्ट वाटतो." मग कपबश्या उचलता उचलता म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. त्यांनी 'ऐकलं' म्हटलं की हो समजायचं."

कोर्टाच्या आवारात सगळे त्यांना 'नाहीवाले' म्हणायचे. चहावाल्यापासून शिपायापर्यंत. त्याचं कारण साधं होतं. रस्त्यात भांडण, धक्काबुक्की, आरडाओरडा असल्या लहान गुन्ह्यांत तिथे येणारे बहुतेक लोक 'हो साहेब' म्हणतात, दंड भरतात आणि जेवायच्या वेळेला घरी पोचतात. यांचे अशील मात्र 'नाही' म्हणायचे आणि मग तारखांवर तारखा घेत खटला चालवायचे. लोक हसायचे. एक तरुण वकील तर माझ्यादेखत म्हणाला होता, "काका, एवढ्याशा किरकोळ केसमध्ये साक्षीपुरावा काय काढताय?" त्यावर यांनी त्याला नीट जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, "गुन्हा दुसऱ्यावर असला की किरकोळ. तुमच्यावर लागला की मला फोन करा."

आणि वाचायचे. काय वाटेल ते वाचायचे. कुकरबरोबर आलेलं गॅरंटी कार्ड, सोसायटीचं सर्क्युलर, औषधाच्या खोक्यातला मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद. लिफ्टमध्ये 'कमाल सहा व्यक्ती' लिहिलेलं असायचं. सातवा माणूस आत आला की हे न बोलता बाहेर पडायचे आणि गुडघे धरत जिना चढायचे. मुलीने त्यांना चांगला महागाचा फोन पाठवला होता. त्यावर कुठलंही ॲप उघडलं की आधी अटी यायच्या आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण. हे तीन दिवस अटी वाचत बसले आणि शेवटी ते बटण दाबलंच नाही. त्यामुळे त्यांच्या फोनवर फक्त फोन यायचा.

अशा माणसाच्या तावडीत मी सापडले त्याला कारण माझा स्वभाव. मी तोंडाची फटकळ. आई म्हणते, हिच्या नाकावर राग नाही, रागावर हिचं नाक आहे. एका रविवारी मैत्रिणींबरोबर गोराईला गेले होते. दुपारी परत यायला जेटीवर उभ्या होतो. पुढे एक कोळीण मावशी मासळीची टोपली घेऊन उभी होती, बोरीवलीच्या बाजारात जायला. बोट लागली आणि मागून पाचसहा जणांचा एक घोळका घुसला. त्यातल्या चौकड्याच्या शर्टवाल्याने मावशीला सरळ बाजूला ढकललं. मावशी कोपरावर पडली, टोपली पाण्यात. आणि हा बाबा तिच्या अंगावरून पाय टाकून पुढे निघाला होता. मी त्याची कॉलर धरली आणि मागे खेचला. कॉलर फाटली, दोन बटणं उडाली. मी म्हटलं, "लाज वाटत नाही का रे?"

एवढंच. पण त्याच्या मित्राने व्हिडिओ काढला होता, आणि तो व्हिडिओ सुरू होतो तोच मुळी माझ्या हातात कॉलर आहे तिथून. मावशी त्यात कुठेच नाही. त्या माणसाने चौकीत तक्रार केली आणि लावूनही धरली. काही महिन्यांनी आमच्या दाराशी हवालदार समन्स घेऊन आला. मारहाण, शिवीगाळ, शांततेचा भंग. हवालदार बिचारा चांगला होता. आईने दिलेलं पाणी पिऊन म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. किरकोळ आहे. कोर्टात मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं की हो म्हणायचं, दंड भरायचा, अर्ध्या तासात मोकळ्या."

आमच्या घरात तोवर कुणी पोलीस चौकीची पायरी चढलेलं नव्हतं, हे बाबा त्या आठवड्यात किती वेळा म्हणाले ते मोजायचं मी सोडून दिलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेही म्हणून झालं. आणि नेमकं त्याच महिन्यात सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी निवड झाली होती. चार वर्षं त्या परीक्षेच्या मागे होते मी. नेमणुकीचं पत्र यायचं बाकी होतं, त्याआधी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरायचा होता. खरी धाकधूक त्याची होती. कोर्ट गेलं चुलीत, माझी नोकरी जाईल का, एवढंच डोक्यात होतं.

मैत्रिणीच्या ओळखीने यांच्याकडे गेले. बोरीवली पूर्वेला तळमजल्याचं घर, पुढच्या खोलीत ऑफिस, खिडकीसमोर सोसायटीचा पंप. भिंतीवर काळा कोट साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून टांगलेला, सुरकुती पडू नये म्हणून. मी बसले आणि रडायलाच लागले. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाले, "आधी कागद. रडणं नंतर, त्याला वेळ ठेवू."

समन्स आणि तक्रार त्यांनी तीनदा वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा बोट ठेवून. मग पहिलं वाक्य काय बोलावं? "तुम्ही बाई आहात. तुम्हाला सरकारी खर्चाने वकील मागायचा हक्क आहे, पगार कितीही असो. कोर्टात विधी सेवेची खोली आहे. आधी तिथे जाऊन विचारा. मग वाटलं तर माझ्याकडे या." म्हटलं, हा कसला वकील, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतोय. पण ते ऐकेनात. मी खरंच जाऊन विचारून आले, दुसऱ्या दिवशी परत यांच्याकडेच गेले, तेव्हा त्यांनी वकीलपत्र पुढे केलं. तेही मला आधी सगळं वाचायला लावून.

"आता मला सांगा," ते म्हणाले, "या कागदात काय काय लिहिलंय आणि तुम्ही काय काय केलंत. दोन्ही एक नाही. लोकांचं तिथेच चुकतं. पोलीस काय लिहितात? तक्रारदाराचं म्हणणं. ते खरं की खोटं हे कोर्टाने दोघांचं ऐकून ठरवायचं असतं. तुम्ही हो म्हटलंत की ऐकणं संपलं. मग तुमच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही, तुम्हीसुद्धा नाही."

"शिवी दिलीत?"

"नाही."

"काय म्हणालात, अक्षरन् अक्षर सांगा."

"लाज वाटत नाही का रे."

"'रे' म्हणालात?"

"म्हणाले."

"मग 'रे' सकट सांगायचं. लाज काढणं ही शिवी नाही. मारलंत?"

"नाही. पण कॉलर..." मी अडखळले. "सर, कॉलर धरलीच नाही असं म्हटलं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "धरलीत ना? मग धरली म्हणायचं. का धरलीत तेही म्हणायचं. पडलेल्या बाईला तुडवत जाणाऱ्याला अडवणं, याला कायद्यात जागा आहे. पण ती जागा खरं बोलणाऱ्यालाच मिळते. जे केलं नाही त्याला मान डोलवायची नाही, आणि जे केलं ते गिळायचं नाही. दोन्हीपैकी एक जरी जमणार नसेल तर आत्ता सांगा."

मी म्हटलं, जमेल. तेव्हा ते म्हणाले, "मग उद्या सकाळी सात वाजता नॅशनल पार्कच्या गेटवर या. चपला नको, बूट घाला."

मला वाटलं, काहीतरी खासगी सांगायचं असेल. गेले. हे पांढरा शर्ट, डोक्याला माकडटोपी, हातात छत्री. आतल्या रस्त्याने बरंच चालवलं आणि एका दांडग्या करंजाच्या झाडासमोर उभं केलं. "हे मॅजिस्ट्रेट," म्हणाले. "तुम्हाला विचारतायत, गुन्हा कबूल आहे का?"

मी इकडेतिकडे बघितलं. फिरायला आलेले गुजराती काका-काकू, हात वर करून हसणारा एक क्लब, एक कुत्रा. मी पुटपुटले, "नाही."

"झाडाला ऐकू आलं नाही. पूर्ण म्हणा. गुन्हा कबूल नाही, मॅडम."

"सर, लोक बघतायत."

"कोर्टात याच्यापेक्षा जास्त बघतील. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. अहो, माणसाला जन्मभर 'हो साहेब' म्हणायची सवय असते. शाळेत बाईंना, ऑफिसात साहेबांना, घरी सासऱ्यांना. ऐन वेळी तेच तोंडातून निघतं. माझ्या एका अशिलाने आदल्या दिवशी शंभरदा घोकलं होतं, आणि पिंजऱ्यात उभा राहिल्यावर हात जोडून म्हणाला, चुकलं साहेब." मग स्वतः पुढे झाले, छत्री माझ्या हातात दिली, टोपी काढली, दोन्ही हात मांडीला चिकटवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "गुन्हा कबूल नाही, साहेब." आवाज चढवलेला नव्हता. पण काय म्हणाले असं परत विचारायची कुणाची हिंमत झाली नसती. मला वाटलं, काय झकास ॲक्टिंग करतात.

मी म्हटलं. पहिल्यांदा हसू आलं, नंतर रडू. ते म्हणाले, "हसून म्हणालात तर थट्टा वाटते. रडून म्हणालात तर कबुली वाटते. नुसतं म्हणा." चार सकाळी झाडांना सांगितलं, तेव्हा कुठे नुसतं म्हणायला जमलं.

मधे मामाचं प्रकरण झालं. माझा मामा म्हणजे सगळ्या घरादाराचा सल्लागार. तो आला आणि बाबांना म्हणाला, "कशाला खटला चालवताय? हो म्हणायचं, दंड भरायचा, विषय कट. आणि फॉर्मवर 'नाही' लिहायचं. एवढी हजारो पोरं लागतात, कोण बघत बसलंय?" बाबांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मी मामाचं म्हणणं जसंच्या तसं यांना येऊन सांगितलं.

मी त्यांना रागावलेलं तेव्हा एकदाच पाहिलं. उठून उभे राहिले. "मामांना सांगा, बघतात," ते म्हणाले. "त्या फॉर्मवर काय विचारलंय ते तुम्ही वाचलंत? तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला झाला आहे का, न्यायालयाने दंड केला आहे का, सध्या खटला प्रलंबित आहे का. आणि सगळ्यात खाली, माहिती खोटी आढळल्यास किंवा लपवल्यास सेवेतून काढण्यात येईल." फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी काढून ताडून बघितलं. एका शब्दाचा फरक नव्हता. म्हटलं, एवढं वाचायचं वेड असल्यावर पाठ होणारच.

त्यांनी मला समोर बसवून त्या रकान्यात लिहायला लावलं, 'खटला प्रलंबित आहे', पुढे केस नंबर. अक्षर सुवाच्य आहे ना हेही बघितलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलचं पत्र आलं, की निकालाची प्रत सादर करेपर्यंत नेमणूक स्थगित. मुदत एक वर्ष. बरोबर निवड झालेल्या मुली एकेक करून रुजू झाल्या, त्यांचे ओळखपत्र घातलेले फोटो ग्रुपवर यायचे. मी ग्रुप म्यूट केला.

पहिल्या तारखेला बाबा आले होते. ऑफिसच्या निरोप समारंभातला सफारी घालून. मॅडमनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मागून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, "बाळा, हो म्हण. संपव." बाबांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता, लाचार. मी समोरच्या भिंतीकडे बघितलं, करंजाचं झाड आठवलं आणि म्हटलं, "गुन्हा कबूल नाही, मॅडम." लिहिणाऱ्या बाईंनी मान वर करून बघितलं आणि लिहून घेतलं. वकीलसाहेब माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी वाचत होते.

आता साक्षीदार पाहिजे होता. मैत्रिणी तेव्हा मागे तिकिटं काढत होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. उरली मावशी. मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. वकीलसाहेब आणि मी बोटीने गोराईला गेलो. बोटीत चढण्याआधी यांनी 'प्रवासी क्षमता' वाचली आणि डोकी मोजली. तीन फेऱ्या केल्यावर चौथ्यांदा मावशी सापडली. घरापुढे बोंबील सुकत टाकले होते, ती पिशव्या भरत बसली होती. मला तिने लगेच ओळखलं. पण कोर्ट म्हटल्यावर तोंड फिरवलं.

"मला पाडलं ते पाडलं, बाय. मी विसरली. धंद्याचा दिवस मोडून कुठे येऊ मी तिथे? आमचा नाही संबंध कोर्टाशी."

मी गयावया करायला लागले, तर यांनी मला हाताने थांबवलं. तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. "मावशी, यायचा आग्रह नाही. एवढा एक कागद वाचून दाखवतो, तो ऐका." आणि तक्रार वाचायला लागले. मावशी बोंबील भरत होती. ते वाचत वाचत एका ओळीशी आले, 'सदर वेळी जेटीवर कोणतीही महिला पडलेली नव्हती किंवा कोणाला धक्का लागलेला नव्हता.'

मावशीचा हात थांबला. "काय लिवलंय?"

त्यांनी ओळ परत वाचली.

"मी नव्हती?"

"कागद तसं म्हणतो."

मावशीने बाही वर केली. कोपराला अजून काळपट डाग होता. "टोपली गेली ते मी बोलली नाय. लागलं ते बोलली नाय. पण मी नव्हतीच?" ती उठली, हात धुतले आणि विचारलं, "कधी यायचं?"

वाटेत मी म्हटलं, "सर, तुम्हाला माहीत होतं ती या ओळीने उठेल." ते म्हणाले, "मला ती ओळ माहीत होती. मावशींचं मला काय माहीत?"

तक्रारदाराची उलटतपासणी झाली तो दिवस मला तोंडपाठ आहे. चौकड्यावाला त्या दिवशी पांढरा शर्ट घालून आला होता. मला वाटलं होतं, आमचे साहेब आता फाडून खातील. कसलं काय. आवाजाला ढिम्म चढउतार नाही.

"बोट लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"लायनीत, मागे."

"कॉलर धरली तेव्हा?"

"पुढे, बोटीजवळ."

"मधे काय झालं?"

"मधे काय? हिने कॉलर धरली."

"ते नंतर. मागून पुढे आलात, त्याच्या मधे काय झालं?"

तोच प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला, एकही शब्द न बदलता. चौथ्यांदा तो म्हणाला, "गर्दीत कुणाला लागलं असेल तर मला काय माहीत." वकीलसाहेब म्हणाले, "एवढंच, मॅडम," आणि खाली बसले. मी मनात म्हटलं, वाट लागली, एवढ्यात कसे बसले हे? पण ते वाक्य लिहून घेतलं जात होतं.

मग मी माझं म्हणणं दिलं. कॉलर धरली, फाटली, 'रे' म्हणाले, सगळं. मावशी दोन तारखा फुकट आली, कारण त्या दिवशी काम झालं नाही. दोन्ही वेळा मला वाटलं, आता परत येणार नाही. हॉस्पिटलने दिलेलं वर्ष संपायला सात आठवडे उरले होते. तिसऱ्या तारखेला आली, नाकात मोठी चमकी, धुवट पातळ, आणि टोपली. शिपाई म्हणाला, टोपली बाहेर. ती म्हणाली, "तुझ्या भरवशावर?" शेवटी टोपलीशी बाबा बसले. सफारी घातलेले माझे बाबा कोर्टाच्या व्हरांड्यात सुरमईवरच्या माशा वारत होते, आणि आतून मावशीचा खणखणीत आवाज येत होता, "मी होती. पडली होती. या पोरीने ओढला नसता त्याला तर माझ्या छातीवर पाय दिला असता त्याने. आणि कागदात लिवतात मी नव्हतीच." मॅडमनी तिला कोपर दाखवायला सांगितलं आणि तसं लिहून घेतलं. घरी जाताना बाबा एकदम म्हणाले, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस." मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिले, कारण डोळे भरले होते.

निकाल मुदतीच्या बारा दिवस आधी लागला. निर्दोष मुक्तता.

प्रत हातात मिळाली त्या संध्याकाळी बाबा आणि मी यांच्याकडे गेलो. काकूंनी पोहे केले होते. यांची एक रीत होती, ती मला तोवर माहीत नव्हती. निकाल लागलेल्या प्रत्येक अशिलाने शेवटची ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. ते स्वतः वाचायचे नाहीत. सगळं जग वाचून काढणारा माणूस त्या एका ओळीला डोळे मिटून बसायचा. मी वाचलं, "आरोपीची सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे." ते म्हणाले, "परत." मी परत वाचलं.

मग न राहवून मी विचारलं, "सर, तो फॉर्म तुम्हाला इतका पाठ कसा?"

काकू आत निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या. हे बराच वेळ पोह्यातले शेंगदाणे बाजूला करत राहिले.

"एकवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "कॉलेजच्या गेटवर मारामारी झाली. मी बाजूला उभा होतो. पोलिसांनी मलाही उचललं. काका म्हणाले, हो म्हण, सुटशील. हो साहेब म्हटलं. पाच मिनिटांचं काम. मग सरकारी नोकरी लागली. आईने सबंध चाळीला पेढे वाटले. तेच काका म्हणाले, फॉर्मवर नाही लिही, कोण बघतंय? लिहिलं." बशी खाली ठेवली. "अकरा महिन्यांनी बघितलं. दंड झाला म्हणून काढलं नाही मला. लपवला म्हणून काढलं. आई नंतर बरेच दिवस खाली नळावर जात नव्हती. वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला तेव्हा मात्र सगळं खरं लिहिलं. मिळाली."

"पण सर, तुम्ही तर काही केलंच नव्हतं."

"कोर्टाने मला तेच तर विचारलं होतं," ते म्हणाले. "सांगायची वेळ तीच होती."

बाबांनी खुर्चीवरून उठून त्यांचे दोन्ही हात धरले, तर हे संकोचून म्हणाले, "पोहे गार होतायत."

सोमवारी मी रुजू झाले. रुजू व्हायच्या आधी सकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पार्कात गेले, म्हटलं, पहिला पेढा यांना आणि दुसरा करंजाच्या झाडाला. लवकरच पोचले होते. लांबूनच पांढरा शर्ट दिसला. बरोबर कुणी अशील नव्हता. छत्री झाडाला टेकवलेली, माकडटोपी वर ठेवलेली. हात मांडीला चिकटवून ते ताठ उभे होते.

"गुन्हा कबूल नाही, साहेब," ते म्हणाले. थोडं थांबले, कुणी परत विचारल्यासारखे, आणि परत तसंच म्हणाले.

मी वळणावरच उभी राहिले. त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली, तेव्हा पावलं वाजवत पुढे गेले आणि बॉक्स उघडून समोर धरला. त्यांनी पेढा घेतला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "कधी आलात?"

"आत्ताच," मी म्हटलं. त्यांच्याशी मी एवढं एकच खोटं बोलले.